घाटातला थांबा कुणी ठरवायचा? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

देखण्या रस्त्यांलगतच्या गावांमधून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे: रस्ता शासनाचा, गर्दी शहराची आणि निस्तरायचं मात्र गावानं. तक्रार खरी आहे, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. डांबर बांधकाम विभागाच्या ताब्यात असलं तरी लोक जे बघायला येतात ते डांबराच्या पलीकडे असतं, आणि तिथली जमीन शेतकऱ्याची, ग्रामपंचायतीची किंवा वनखात्याची असते. त्यामुळे गाडी कुठे थांबेल हे ठरवण्यात गावाचा हात मोठा आहे. गावानं ठरवलं नाही, तर पहिली टपरी ठरवते.

प्रश्न: आमच्या हद्दीत घाटाचा साडेआठ किलोमीटर रस्ता येतो. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी दुतर्फा गाड्या लागतात, एसटी अडकते, एकदा रुग्णवाहिकाही अडकली. ग्रामसभेत दर वर्षी चर्चा होते, पुढे काही होत नाही. सुरुवात नेमकी कुठून करावी?
— सरपंच, भोर तालुका

सुरुवात कागदापासून करा. आधी रस्त्याचा दर्जा शोधा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर परवानगीचा रस्ता वेगळा आणि लांबचा. अर्ज चुकीच्या दारात गेला की सहा महिने सहज जातात.

मग रस्त्याची हद्द. डांबर संपलं म्हणजे हद्द संपली असं नसतं. साइडपट्टी, गटार आणि त्यापलीकडची काही जागाही विभागाची असते. तिची रुंदी बांधकाम विभागाच्या उपविभागाच्या नोंदीत मिळते. गाव नकाशा आणि सातबारा घेऊन दोन्ही बाजूंचे गट क्रमांक एका मोठ्या कागदावर उतरवा: खासगी, गायरान, वन. नकाशावर शंका आली तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. घाटात पाचसहा मीटरच्या फरकानं जागा शेतकऱ्याची की वनखात्याची हे बदलतं.

कागद झाला की पायी चाला. किलोमीटरच्या दगडापासून दर १०० मीटरला एक नोंद, म्हणजे तुमच्या रस्त्याच्या ८५ ओळी होतील. प्रत्येक ओळीत लिहायचं: दरी कोणत्या बाजूला, साइडपट्टी किती रुंद, कठडा आहे की तुटला, गटार वाहतं की बुजलंय, मोरी कुठे, काय दिसतं, लोक सध्या कुठे थांबतात, फोनला रेंज आहे का, वरच्या उतारावर सुटे दगड, वाकलेली झाडं, जमिनीला भेगा किंवा नवा झरा दिसतो का. एकदा कोरड्या दिवशी चाला आणि गटारांसाठी एकदा चांगला पाऊस झाल्यानंतर. उपविभागाला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा. चमकणारी जाकिटं घाला आणि पुढे-मागे लाल झेंडा घेतलेला एकेक माणूस ठेवा. उतारावर जिथे वाईट खुणा दिसतील तिथे थांबा नको, मग देखावा कितीही सुंदर असो. कापलेल्या डोंगराखाली उभी असलेली गाडी दगडाच्या वाटेतच उभी असते.

तिसरं काम गाड्यांच्या मोजणीचं. पावसाळ्यातले दोन रविवार आणि एक साधा वार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, दर पंधरा मिनिटांची नोंद. एका वेळी तीन माणसं लागतात: दोघं दोन दिशांच्या गाड्या मोजतील, तिसरा थांबलेल्या गाड्यांची येण्याची आणि जाण्याची वेळ लिहील. दुचाकी, मोटारी, बस-मिनीबस आणि मालवाहू गाड्या वेगवेगळ्या मोजा. कॉलेजची मुलं हे काम उत्तम करतात, फक्त त्यांची पाळी चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पुढे आकडे अंदाजे भरले जातात.

एवढं हातात आलं की नकाशावर तीन रंग द्या: इथे थांबायचं, इथे अजिबात नाही, इथे बघू. साडेआठ किलोमीटरला दोन थांबे पुरतात, तिसरा फार तर. जास्त थांबे म्हणजे जास्त कचरा, जास्त राखण आणि प्रत्येक थांब्याजवळ रस्ता ओलांडणारी माणसं.

ठराव कसा लिहिता यावर बरंच अवलंबून आहे. ‘घाटातील वाहतूक कोंडी दूर करावी’ असं मोघम लिहिलं की फाइल तिथेच राहते. ‘किमी २३/४०० ते २३/६०० डाव्या बाजूस थांबण्यास मनाई, किमी २४/१०० उजव्या बाजूस अमुक गटात १३ मोटारींचा थांबा’ असं लिहिलं की शाखा अभियंत्याला जागेवर येऊन हो किंवा नाही म्हणावं लागतं. थांबण्यास मनाई ही मोटार वाहन कायदा, १९८८ खालच्या अधिसूचनेनं होते. कलम ११५ ते ११७ वाहनांवरचे निर्बंध, फलक आणि वाहनतळ यांबद्दल आहेत. ग्रामपंचायतीनं स्वतः रंगवलेल्या ‘नो पार्किंग’ पाटीच्या आधारे केलेला दंड टिकणार नाही. म्हणून ठरावाची प्रत उपविभागाबरोबर पोलीस ठाणे, तहसीलदार आणि वनक्षेत्रपाल यांनाही द्या आणि चौघांना एकाच दिवशी जागेवर बोलवा. वेगवेगळ्या दिवशी आले तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या ना हरकतीची वाट बघत बसतो.

प्रश्न: थांबा करायला एक शेतकरी जागा द्यायला तयार आहेत. किती जागा लागेल आणि काय काय बांधावं?
— ग्रामपंचायत सदस्य, मुळशी तालुका

आकार गाड्यांच्या मोजणीतून काढा, हौसेतून नको. समजा गर्दीच्या तासाला ९० मोटारी जातात, त्यातल्या ३० थांबतात आणि सरासरी २० मिनिटं थांबतात. एका वेळी उभ्या असलेल्या गाड्या = ३० × २० ÷ ६० = १०. वर पाव हिस्सा सोय धरा, म्हणजे १३. एका मोटारीला २.५ मीटर × ५ मीटर जागा आणि मागे वळायला ६ मीटर रुंदीची वाट. एकाच बाजूला गाड्या लावल्या तर दर मोटारीमागे साडेसत्तावीस चौरस मीटर. १३ मोटारींना सुमारे ३५८ चौरस मीटर, म्हणजे साडेतीन गुंठ्यांच्या आसपास. दुचाकींसाठी प्रत्येकी १ × २ मीटर, शिवाय एक मिनीबस आणि माणसांच्या उभं राहण्याची जागा. सगळं धरून पाच गुंठे लागतील. यापेक्षा मोठा थांबा मागू नका. जागा वाढली की मोटारी वाढतात, आणि त्या शेवटी त्याच अरुंद घाटातून जातात.

जागा वळणाच्या पोटात नको. ताशी ४० किलोमीटर वेगानं येणाऱ्या गाडीला अडथळा दिसून थांबायला ४५ मीटर लागतात. बाहेर पडणाऱ्या चालकाला दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट, ९० मीटर दिसलं पाहिजे. तपासायला महाग उपकरण नको. चालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात. एकानं बाहेर पडण्याच्या जागी तेवढ्या उंचीवर डोळा ठेवायचा, दुसऱ्यानं टेप धरून रस्त्याच्या कडेनं ९० मीटर जायचं. तो दिसेनासा झाला तर आधी झुडूप तोडून बघा, आणि तरीही दिसत नसेल तर जागा बदला.

आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवा, प्रत्येकी ४ मीटर रुंद, मध्ये किमान १५-२० मीटरचं अंतर. आतली वाहतूक एकाच दिशेनं. जमिनीला मीटरमागे २-३ सेंटिमीटर उतार द्या, तोही गटाराकडे, दरीकडे नाही. दगडी सोलिंगवर दाबलेला मुरूम पुरतो. पेव्हर ब्लॉक घाटात लवकर खचतात, कारण खालचा भराव एकसारखा बसत नाही. गाडीच्या पुढच्या चाकापुढे १० सेंटिमीटर उंचीचा ओटा हवा, आणि तो कठड्यापासून निदान दोन मीटर अलीकडे, म्हणजे माणसं गाडी आणि कठडा यांच्यामधून चालू शकतील. कठडा १.१ मीटर उंच, उभ्या गजांचा, दोन गजांत १० सेंटिमीटरपेक्षा कमी फट. आडवे गज लावले की लोक फोटोसाठी त्यावर चढतात. मूल तर नक्कीच चढतं.

प्रश्न: आमच्या बचत गटाच्या महिला रस्त्याकडेला मक्याची कणसं, भजी, चहा विकतात. बांधकाम विभागानं टपऱ्या हटवायची नोटीस दिली आहे. हा आमच्या पोटावर पाय नाही का?
— बचत गट अध्यक्ष, जुन्नर तालुका

नोटिशीमागचं कारण समजून घ्या, मग मार्ग निघतो. घाटात रस्त्याचा डोंगराकडचा भाग कापलेल्या खडकावर असतो आणि दरीकडचा भाग बहुधा भरावावर. डोंगराचं पाणी आतल्या गटारातून मोरीपर्यंत जावं अशी रचना असते. टपरीसमोर गाडी लागावी म्हणून गटारात मुरूम टाकला जातो. मग पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं, दरीकडच्या भरावात शिरतं आणि संरक्षक भिंतीच्या मागे साठतं. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. तीही कागदी पेले आणि प्लास्टिकनं बुजली तर पाण्याचा दाब भिंतीला बाहेर ढकलतो. डांबरावर दरीच्या कडेशी समांतर किंवा अर्धगोल भेग पडणं आणि कठडा कलणं ही त्याची पहिली खूण. अशी भेग दिसली तर त्याच दिवशी उपविभागाला कळवा आणि तेवढ्या भागात गाडी उभी राहू देऊ नका.

विक्री मात्र व्हायलाच हवी. घाटाच्या देखाव्यातून गावात येणारा पैसा मुख्यत्वे या कणसांतूनच येतो. म्हणून विक्रीची जागा थांब्यातच मागा: रस्त्याच्या हद्दीबाहेर, थांब्याच्याच बाजूला, म्हणजे गिऱ्हाइकाला रस्ता ओलांडावा लागणार नाही. प्रत्येकीला २ × २ मीटरचा चौकोन आणि समोर ३ मीटर मोकळी वाट. वर वाऱ्यात उडणार नाही असं छप्पर, सर्वांचं एकसारखं. १३ मोटारींच्या थांब्यावर आमच्या मते पाच टपऱ्या ठीक. दहा झाल्या की कुणाचंच पोट भरत नाही आणि गाड्यांपुढे जाऊन हाका मारणं सुरू होतं. जागा दर हंगामाला ग्रामसभेत चिठ्ठी टाकून द्या आणि नियम आधी लिहा: आपला कचरा आपण खाली न्यायचा, सिलिंडर बंदिस्त आणि चुलीपासून दूर, जागा भाड्यानं पुढे द्यायची नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात आधी मोडला जातो. त्यामुळे चिठ्ठीवर गटाचं नाव नको, प्रत्यक्ष विकणाऱ्या बाईचं नाव हवं.

थांब्यात शिरताना गटार ओलांडावंच लागतं. तिथे लहान व्यासाचा पाइप टाकू नका. पाला आणि खडी अडकून तो पहिल्याच मोठ्या पावसात तुंबतो आणि साफ करता येत नाही. गटार उघडंच ठेवून वर सिमेंटच्या सुट्या लाद्या टाका. ५० सेंटिमीटर रुंद, ९० सेंटिमीटर लांब, साडेबारा सेंटिमीटर जाड लादी साधारण १४० किलोची होते. कडेला हुक ठेवले तर चार माणसं ती उचलून गटार साफ करू शकतात. आतल्या लोखंडाचा हिशेब मात्र अभियंत्याकडूनच घ्या, कारण वरून भरलेली मिनीबस जाणार आहे.

प्रश्न: ग्रामपंचायत प्रत्येक गाडीकडून शुल्क घेऊ शकते का?
— उपसरपंच, सातारा तालुका

रस्त्यावर दोरी बांधून, नाही. तो टोल झाला आणि त्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. आपल्या ताब्यातल्या वाहनतळावर गाडी लावणाऱ्याकडून मात्र शुल्क घेता येतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२४ कर आणि शुल्कांबद्दल आहे. दर ग्रामसभेत ठरवा, पावती द्या, रक्कम ग्रामनिधीत भरा. जागा खासगी असेल तर शेतकऱ्याशी नोंदणीकृत करार हवा आणि तहसीलदारांकडे बिगरशेती वापराचा प्रश्न आधीच विचारून घ्या. गायरानाचा वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वनजमिनीवर वनखात्याच्या संमतीनं संयुक्त वन व्यवस्थापन समिती काम करते. तुमच्या शेजारी कासला हीच पद्धत आहे. हंगामात पर्यटकांची संख्या ठरवून नोंदणी होते, शुल्क समितीमार्फत घेतलं जातं आणि गाड्या पठारापासून दूर लावतात.

यातून गाव श्रीमंत होईल असं मात्र कुणाला सांगू नका. हिशेब करून बघा. हंगामाचे ३० सुट्टीचे दिवस, दिवसाला १२० मोटारी, प्रत्येकी ३० रुपये, म्हणजे एक लाख आठ हजार. चार माणसांना रोज ५०० रुपयांप्रमाणे साठ हजार गेले. कचऱ्याच्या गाडीला दिवसाला हजार, म्हणजे तीस हजार. जाकिटं, पावती पुस्तकं, विजेऱ्या, दोर, प्रथमोपचाराची पेटी यांना आठ हजार धरा. उरले दहा हजार. शुल्क हे थांबा नीट चालावा म्हणून असतं. कमाई विक्रीत, न्याहारी-निवासात आणि वाटाड्याच्या कामात आहे. बांधकामासाठी पैसा हवा असेल तर ठिकाण ‘क’ वर्ग पर्यटनस्थळ म्हणून जिल्हा नियोजन समितीकडून मान्य करून घेण्याचा प्रस्ताव द्या. त्यासाठी पहिल्या उत्तरातली मोजणी कामी येते. गर्दीचे लिहून ठेवलेले आकडे असलेले प्रस्ताव फारच थोडे असतात.

प्रश्न: पॉइंटवर स्वच्छतागृह मंजूर झालंय. जागा कोणती निवडावी?
— ग्रामपंचायत अधिकारी, अकोले तालुका

शक्य असेल तर पॉइंटवर बांधूच नका, ते गावात बांधा. वर पाणी नसतं आणि खाली खडक असतो. दिवसाला ३०० जणांनी वापर केला आणि एका वापराला हात धुण्यासकट १० लिटर धरले तर रोज तीन हजार लिटर पाणी वर चढवावं लागेल. तेवढंच सांडपाणी खाली मुरायला हवं. पावसाळ्यात बेसॉल्टच्या खडकावरचा शोषखड्डा आधीच भरलेला असतो. तो वाहून ओढ्यात जातो, आणि त्या ओढ्याखाली बहुधा तुमच्याच वाडीची विहीर असते. घरगुती मापाचे दोन खड्डे एवढा वापर झेपवूच शकत नाहीत. म्हणून नळाचं पाणी, वीज आणि मैला उपसणारी गाडी पोहोचेल असा रस्ता या तिन्ही गोष्टी जिथे आहेत तिथे सेप्टिक टाकीसह बांधा आणि घाटाच्या दोन्ही टोकांना ‘पुढचं स्वच्छतागृह ६ किमी’ असे फलक लावा. बायका प्रवासाचा बेत त्यावर ठरवतात, त्यामुळे हा फलक देखाव्याच्या कोणत्याही फलकाआधी लागला पाहिजे. त्यावर राखणीला कोण आहे, चावी कुणाकडे आणि वेळ काय हेही लिहा. कुलूपबंद स्वच्छतागृह नसल्यासारखंच.

प्रश्न: आमच्याकडे सड्यावरून (जांभा दगडाच्या पठारावरून) समुद्राकडे उतरणारा रस्ता आहे. सुशोभीकरणासाठी दुतर्फा गुलमोहर लावायचा प्रस्ताव आहे. योग्य आहे का?
— शिक्षक, रत्नागिरी तालुका

नाही. सडा ओसाड दिसतो तो वर्षातले आठ महिने. पावसाळ्यात जांभ्यावरच्या बोटभर मातीत जी बुटकी फुलं येतात ती उन्हावर आणि साचलेल्या पाण्यावर जगतात. ब्रेकरनं जांभा फोडून खड्डे केले, बाहेरची माती भरली की तण येतं, पाण्याच्या वाटा बदलतात आणि सावलीत ती फुलं उगवत नाहीत. शिवाय आरे-वारेसारख्या रस्त्यावर समुद्र दिसतो तोच मुळी झाडं नसल्यामुळे. तिथे रांगेनं झाडं लावणं म्हणजे देखावा झाकणं.

झाडं लावायची ती गावाच्या वेशीपाशी, एसटी थांब्याजवळ, जिथे मुळात खोल माती आहे तिथे. जांभूळ, करंज, वड, उंडी, ताम्हण. खड्डा ६० सेंटिमीटरचा घन, वडाला एक मीटरचा. रोप दीड मीटरच्या वर, मोठ्या झाडांत १० ते १२ मीटर अंतर. वळणाच्या आतल्या बाजूला एकही नको, समोरची गाडी दिसत नाही. पहिली तीन वर्षं फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा पाणी लागेल. ते कोण घालणार हे नाव लिहून ठरत नसेल तर लागवडच करू नका.

कुंपणाबद्दलही सावध राहा. कासला पठाराभोवती जाळीचं कुंपण घातलं होतं. गुरांची चराई थांबली की उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही असं मत पुढे आलं, आणि नंतर ते कुंपण काढण्यात आलं. सड्यावर गाडी चढू नये एवढ्यासाठी दीड मीटर अंतरानं जांभ्याचे मोठे दगड ठेवले तरी भागतं. माणूस आणि गुरं जातात, मोटार जात नाही. आसपास कातळशिल्पं असतील तर हे आणखी निकडीचं आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली आहेत आणि एका पावसाळ्यातली टायरची घासट तिथे कायमची राहते. त्यांच्या दिशेचा फलक लावण्याआधी गाडी कुठे थांबेल आणि पायवाट कुठून जाईल ते आखा. समुद्राच्या भरतीरेषेजवळ काही बांधायचं असेल तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी आधी बघा. तात्पुरत्या शेडलाही नियम आहेत.

प्रश्न: मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथल्या ब्लू रिज पार्कवेसारखं काही सह्याद्रीत का होऊ नये? माझ्या गावासाठी इथून काय पाठवता येईल?
— वाचक, शार्लट

पार्कवेची नक्कल सह्याद्रीत होणार नाही. ७५५ किलोमीटरचा तो रस्ता १९३५ पासून १९८७ पर्यंत मुळात फिरण्यासाठीच बांधला गेला, त्याच्या कडेची जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि मालवाहू गाड्यांना तिथे मनाई आहे. आपला घाट म्हणजे भाजी, दूध, एसटी आणि ऊस यांचा रोजचा रस्ता. पर्यटक त्यावर पाहुणा आहे.

कामाचं आहे ते दुसरंच. अमेरिकेत १९९१ च्या कायद्यानं देखण्या रस्त्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिथे रस्त्याचं मोल सहा अंगांनी तपासतात: देखावा, निसर्ग, इतिहास, संस्कृती, पुरातत्त्व आणि मनोरंजन. राष्ट्रीय दर्ज्यासाठी निदान एका अंगात रस्ता खास असावा लागतो, सर्वोच्च दर्ज्यासाठी दोन. आणि दर्जा मागताना स्थानिकांनी केलेला व्यवस्थापन आराखडा जोडावा लागतो. त्यात नकाशा, राखायच्या गोष्टींची यादी, कोण काय करणार याचं वेळापत्रक, लोकसहभाग कसा राहील, अपघातांचा आढावा, मोठ्या गाड्यांची सोय, फलकांची योजना असे मुद्दे येतात. महामार्गाच्या दर्ज्याच्या अशा रस्त्यांवर नवे जाहिरात फलक उभारता येत नाहीत. आपल्याकडे हे शेवटचं गावाच्या हाती बऱ्यापैकी आहे. रस्त्याच्या हद्दीत विभाग फलक लावू देत नाही, पण हद्दीपलीकडच्या शेतातल्या फलकासाठी ग्रामपंचायतीची परवानगी मागितली जाते. दरीचा देखावा अडवणाऱ्या गट क्रमांकांची यादी करून ‘या गटांत जाहिरात फलकास ना हरकत देऊ नये’ असा ठराव आधीच करून ठेवला तर पुढे कुणा ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं सोपं जातं.

गावासाठी तुम्ही असा एखादा पूर्ण आराखडा मिळवून त्यातल्या मुद्द्यांचा साध्या मराठीत तक्ता करून पाठवा. पैसे पाठवणार असाल तर कमानीसाठी नको. पहिल्या दोन हंगामांच्या माणसांच्या मजुरीसाठी पाठवा. कमानीला देणगीदार मिळतो, मजुरीला मिळत नाही.

प्रश्न: गावातल्या तरुणांची मागणी आहे की घाट दुपदरी करा, म्हणजे कोंडी संपेल. जुनी माणसं विरोध करतात. बरोबर कोण?
— ग्रामस्थ, महाड तालुका

आधी कोंडी कशानं होते ते मोजणीत बघा. आमच्या पाहण्यात घाटातली सुट्टीची कोंडी बहुतेक वेळा उभ्या गाड्यांनी होते, चालत्या गाड्यांनी नाही. सात मीटरचा रस्ता केला आणि दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर जायला पुन्हा एकच पदर उरतो. रुंदीकरणात डोंगर जास्त उभा कापला जातो. तुमच्या तालुक्यानं जुलै २०२१ मध्ये तळियेची दरड पाहिली आहे, इथल्या उतारांवर पावसाचा भार काय असतो हे वेगळं सांगायला नको. नवा कापलेला उतार स्थिर व्हायला काही पावसाळे जातात आणि तेवढी वर्षं दरडी वाढतात. वेगही वाढतो.

पण तरुणांची अडचण खोटी नाही. ३.७५ मीटरच्या एकपदरी रस्त्यावर एसटीसमोर टँकर आला की कुणाला तरी मागे जावंच लागतं. त्याला मधला उपाय आहे. एकपदरी घाटात दर किलोमीटरला दोन-तीन बगल देण्याच्या जागा करा: ३.७५ मीटर जादा रुंदी, रस्त्याकडच्या बाजूला ३० मीटर आणि बाहेरच्या बाजूला २० मीटर लांबी. दोन जागांच्या मधून पुढची जागा दिसली पाहिजे, नाहीतर चालक थांबत नाही. जिथे डोंगर न कापता जमेल तिथे साडेपाच मीटर रुंदी मागा, आणि आंधळ्या वळणांवर आधी रुंदी, मग सरळ भागात. या जागांवर थांबण्यास मनाईची अधिसूचना त्याच वेळी काढून घ्या. नाहीतर पहिल्याच रविवारी तिथे गाड्या लागतील आणि शेजारी कणसांची शेगडी पेटेल.

दोन्ही बाजूंना एकत्र बसवायचं तर त्यांना एका रविवारी मोजणीलाच पाठवा, तरुण आणि वडीलधारे अशा मिश्र जोड्या करून. किती गाड्या चालत्या गाडीमुळे अडकल्या आणि किती उभ्या गाडीमुळे, एवढे दोनच रकाने त्यांना द्या. पहिला रकाना भारी निघाला तर बगलेच्या जागांचा ठराव करा, दुसरा निघाला तर थांब्याचा.